चिखलातले रान

बोईसर, तारापूर, चिंचणी, नवापूर या भागातल्या माणसाला खाडी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. कुणाच्या घरामागे खाडी, तर कुणाच्या शेताच्या टोकाला खाडी. तिच्या काठाला हिरवी, बुटकी झाडी असते. तिला आपण तिवरे म्हणतो. भरती आली की ही झाडे निम्मी पाण्यात बुडतात. ओहोटी लागली की त्यांच्या खालचा काळा चिखल उघडा पडतो. त्या चिखलाला वास येतो, पाय घातला तर गुडघाभर रुततो. म्हणून पुष्कळ लोक म्हणतात, "ती पडीक जागा. तिचा काय उपयोग?"

आम्हीसुद्धा असेच म्हणत होतो. मग आमच्या प्रौढ वर्गाची एक सहल निघाली. त्या सहलीत काय पाहिले आणि गावी परत आल्यावर काय झाले, ते या पाठात सांगतो.

सहल कुठे गेली?

ठाण्याच्या खाडीत दर वर्षी थंडीच्या सुमारास हजारो रोहित पक्षी येतात. उंच काटकुळे पाय, लांब मान आणि गुलाबी पंख, असा हा पक्षी. त्याच्यासाठी सरकारने 2015 साली या खाडीचा एक भाग अभयारण्य म्हणून राखून ठेवला. त्याचे क्षेत्र सुमारे 17 चौरस किलोमीटर आहे. त्यातली निम्म्याहून अधिक जागा तिवरांची आहे. 2022 साली ही खाडी रामसर यादीत गेली. इराण देशात रामसर नावाचे गाव आहे. तिथे 1971 साली अनेक देशांनी मिळून एक करार केला. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागा जपायच्या, असा तो करार. त्या यादीत आपल्या ठाण्याच्या खाडीचे नाव आहे.

हे सारे जवळून पाहता यावे म्हणून ऐरोलीला खाडीकाठी वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे एक केंद्र आहे. तिवरांच्या रानातून पायी फिरायची वाट तिथे केली आहे. म्हणून आम्ही ऐरोलीला जायचे ठरवले.

आम्ही बोईसरहून पहाटेची गाडी पकडली. दादरला उतरून ठाणे गाठले. ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या गाडीने ऐरोली, आणि तिथून रिक्षा. बरोबर भाकरी, चटणी आणि पाण्याच्या बाटल्या होत्या.

फाटकातून आत शिरलो आणि समोर तिवरे दिसली. आमच्या वर्गातल्या एक मावशी तिथेच थांबल्या आणि हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "अहो, हे बघायला तिकीट काढून एवढ्या लांब आणलंत? हे तर माझ्या मोरीमागं उभं आहे!"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण मावशींचा प्रश्न खरा होता. जे दारात आहे ते पाहायला लांब का जायचे? याचे उत्तर आम्हाला त्या वाटेवर मिळाले.

वाट चिखलाच्या वरून जाते

तिथली वाट चिखलापासून वर उचललेली आहे. माणूस वरून चालतो, खाली पाणी येते आणि जाते. पाय भरत नाहीत आणि झाडांची मुळेही तुडवली जात नाहीत. दोन्ही बाजूंना रान आणि मध्ये आपण. गावी आपण तिवरांकडे बांधावरून, लांबून पाहतो. इथे आम्ही प्रथमच त्यांच्या मधोमध उभे राहिलो.

ओहोटी लागली होती. खाली चिखलात बोटभर उंचीच्या हजारो काड्या उभ्या होत्या, जशा कुणी पेन्सिली रोवून ठेवाव्यात. ही तिवराची मुळे. झाडाची मुळे खाली जातात, ही वर का आली? त्याचे कारण असे. मुळांनाही हवा लागते. शेतातल्या भुसभुशीत मातीत ती मिळते. खाडीचा चिखल मात्र पाण्याने गच्च भरलेला. त्यात हवा शिरत नाही. म्हणून तिवर आपली मुळे वर काढते आणि ओहोटीच्या वेळी त्यांतून हवा घेते. या काड्यांवर मातीचा भराव पडला, तर झाड गुदमरून मरते. कुऱ्हाड लावायची गरजच नाही.

आता मिठाचे पाहू. खाऱ्या पाण्यावर भात येत नाही, मग तिवर कशी जगते? तिची पाने नीट पाहा. झाडात गेलेले जादा मीठ ती पानांतून बाहेर टाकते. पानाला जीभ लावली तर खारट लागते. मावशी म्हणाल्या, "म्हणूनच ही पानं शेळीला आवडतात!"

सगळीच झाडे तिवर नसतात. कांदळ नावाचे झाड वेगळे. त्याची मुळे खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात. झाड जणू कुबड्या लावून उभे आहे. त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि शेवग्याच्या शेंगेसारखे लांब लोंबते. पुरेसे वाढले की खाली गळते. चिखलात सरळ घुसले तर तिथेच उभे राहते. पाण्यात पडले तर तरंगत जाते आणि जागा मिळेल तिथे मूळ धरते. मूल चालायला लागल्यावरच घराबाहेर सोडावे, तसेच हे.

तिसरे झाड चिप्पीचे. त्याचे फळ गोल, हिरवे आणि देठाशी चांदणीसारखे. फूल रात्री उमलते. 2020 साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्याचे कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला.

समुद्राची बालवाडी

मुळांच्या मधून लहान खेकडे पळत होते. काहींची एक नांगी अंगापेक्षा मोठी. ते नर. निवट्या चिखलावर उड्या मारत होत्या. निवटी हा मासा, पण अंग ओले असेपर्यंत तो पाण्याबाहेरही श्वास घेतो.

तिवरांची पाने गळतात आणि चिखलात कुजतात. त्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात. त्यांना बारीक किडे खातात, किड्यांना कोळंबीची आणि माशांची पिल्ले खातात. कोळंबी खोल समुद्रात अंडी घालते. तिची पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात. मुळांच्या जाळीत मोठा मासा शिरत नाही, म्हणून ती इथे निर्धास्त वाढतात. मोठी झाली की पुन्हा समुद्रात जातात. बोईट, जिताडा, चिंबोरी यांचेही लहानपण खाडीतच जाते. म्हणजे सातपाटीच्या किंवा तारापूरच्या जाळ्यात जी कोळंबी येते, तिच्यातली पुष्कळशी खाडीने वाढवलेली असते.

वर्गात एक काका होते. त्यांनी चाळीस वर्षे पाग टाकून मासे धरले. ते बराच वेळ खाली पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "आमच्या खाडीत कोळंबी का कमी झाली, ते मी देवाला विचारत होतो. ते इथं विचारायला हवं होतं."

कोळंबी कमी व्हायला आणखीही कारणे आहेत. खाडीत सांडपाणी येते, प्लास्टिक येते, बारीक आसाची जाळी पिल्लांनासुद्धा सोडत नाहीत. पण बालवाडीच मोडली, तर पुढे मुले कुठून येणार?

तिवरांचा दुसरा उपयोग भिंतीसारखा आहे. लाट या दाट मुळांत शिरली की तिचा जोर कमी होतो. 1999 साली ओडिशात महाभयंकर वादळ झाले. ज्या गावांपुढे अशा झाडीचा पट्टा रुंद होता, तिथे माणसे कमी दगावली, असे अभ्यासकांनी पुढे गावोगावची आकडेवारी तपासून दाखवले. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हाची रात्र आपण विसरलेलो नाही.

पाटीवरचा शब्द

परत फिरताना मावशी एका पाटीपाशी थांबल्या. त्यांना वाचता येऊ लागून सहाच महिने झाले होते. एकेक अक्षर जुळवत त्यांनी वाचले, "कां-द-ळ-व-न." मग विचारले, "कांदळवन म्हणजे काय हो?"

"म्हणजे हेच. आपली तिवरांची झाडी."

मावशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "हा शब्द आमच्या खाडीवरच्या पाटीवर आहे. मला वाटलं, कुणाच्या गावाचं नाव असेल."

गावी आल्यावर आम्ही सगळे ती पाटी पाहायला गेलो. पाटी वाकली होती, अर्धी वेलींनी झाकली होती. वेली बाजूला केल्या. लिहिले होते, 'राखीव कांदळवन. तोड करण्यास व भराव टाकण्यास मनाई आहे.' आम्ही बोलतो तिवरे, सरकार लिहिते कांदळवन. त्यामुळे पाटी उभी होती, पण कुणाशी बोलत नव्हती.

मावशी म्हणाल्या, "आम्ही दोन पिढ्या ही लाकडं चुलीत घातली. कुणी सांगितलं नाही." हे खरे आहे. ते सांगायला त्यांना संकोच वाटला, पण वाटायचे कारण नव्हते. पाटीच्या पलीकडे, थोड्याच अंतरावर, ट्रकने आणून टाकलेल्या मातीचे आणि विटांच्या तुकड्यांचे ढीग होते. त्यांच्याखाली तिवरांची मुळे गाडली गेली होती. मावशींची मोळी वर्षाकाठी चार फांद्यांची. हा भराव एका रात्रीचा.

कायदा दोघांनाही एकच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 रोजी निकाल दिला. साऱ्या राज्यात कांदळवन तोडायला मनाई आहे. जमीन सरकारी असो की खाजगी, मनाई सारखीच. कांदळवनाच्या भोवती 50 मीटरपर्यंत बांधकामालाही मनाई आहे. कुणी तोड करताना किंवा भराव टाकताना दिसला, तर तहसीलदाराकडे किंवा वनविभागाकडे तक्रार देता येते.

आमच्या वर्गाने तो अर्ज लिहिला. फळ्यावर आधी मसुदा केला. जागा कोणती, तारीख कोणती, काय दिसले, एवढेच लिहिले. कुणावर रागाचे शब्द लिहिले नाहीत. खाली सोळा सह्या झाल्या. त्यांतल्या अकरा जणांनी पूर्वी फक्त अंगठा दिला होता. अर्ज देऊन त्याची पोच घेतली. काही दिवसांनी माणसे येऊन जागा पाहून गेली. जुना भराव अजून तिथेच आहे. नवा पडलेला नाही.

आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मोठे बदल होत आहेत. डहाणू तालुका 1991 साली सरकारने पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. त्याच तालुक्यातल्या वाढवण बंदराला केंद्र सरकारने जून 2024 मध्ये मंजुरी दिली. त्याला मच्छीमारांचा विरोध आहे. अशा वेळी नोटीस, नकाशा आणि पाटी वाचता येणे हे भाकरीइतकेच गरजेचे आहे.

तुम्ही जाल तेव्हा

ऐरोलीला जायचे असेल तर केंद्राची वेळ आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. रोहित पक्षी पाहायचे असतील तर साधारण नोव्हेंबर ते मे या दिवसांत जा. पक्षी पाहायला नाव सुटते, पण तिची वेळ भरतीवर ठरते. तीही आधी विचारा. तिथे आरडाओरडा करू नये, पक्ष्यांना खाऊ टाकू नये, पिशव्या-बाटल्या परत आणाव्यात.

ऐरोलीला जाणे जमले नाही तरी आपली खाडी आहेच. तिथे उचललेली वाट नाही, म्हणून बांधावरूनच चाला. ओहोटीची वेळ धरा. भरतीची वेळ काढायची जुनी रीत तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांना ठाऊक असेल. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. दिवसा तशीच रात्री. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, म्हणून तेवढी सवड ठेवा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पुरती ओहोटी लागते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी फार आत येते. त्या दिवशी मुलांना घेऊन खाडीत उतरू नका. पाणी वळले की तुम्हीही वळा. आणि हुऱ्याची फांदी मोडू नका. तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते.

एक काम मात्र नक्की करा. आपल्या खाडीवर पाटी आहे का, ते पाहा. असेल तर तिच्यावरच्या वेली काढा आणि शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवा. तो विचारील, "कांदळवन म्हणजे काय?"

आता ते तुम्हाला सांगता येईल.