एकाच फाईलच्या दोन कॉपी एकत्र करायच्यात? मोफत सॉफ्टवेअर निवडण्याआधी हे वाचा

तुमच्या डेस्कटॉपवर 'फायनल', 'फायनल-२' आणि 'आता नक्की फायनल' अशा नावांच्या फाईल्स असतील, तर हा विषय तुमचाच आहे.

आमच्याकडे झालं असं. एका व्हिडिओच्या सबटायटल्सची फाईल मी आणि एक सहकारी आपापल्या कॉपीत तपासत होतो. मूळ फाईलमध्ये एका ठिकाणी '१२ कोटी' पडलं होतं, खरा आकडा १२ लाख. तिने तो सुधारला. मी दुसऱ्याच ओळी सुधारत बसलो होतो. शेवटी दोन्ही कॉपी एकत्र करायचं काम माझ्याकडे आलं. एकीत लाख, एकीत कोटी. माझी फाईल नंतर सेव्ह झालेली, म्हणून मी कोटी ठेवलं. व्हिडिओ तसाच गेला आणि दुसऱ्या दिवशी जाहीर दुरुस्ती द्यावी लागली.

गंमत म्हणजे तुलना करणारं सॉफ्टवेअर मी वापरलं होतं. त्याने फरक दाखवलाही होता. मग चुकलं कुठे?

दोनच फाईल्स दिल्या, तर सॉफ्टवेअर 'ही ओळ वेगळी आहे' एवढंच सांगू शकतं. बदल कुणी केला, हे कळायला तिसरी फाईल लागते. दोघांनी जिच्यावरून कॉपी घेतली, ती मूळ फाईल. मुळात 'कोटी', माझ्याकडे 'कोटी', तिच्याकडे 'लाख'. म्हणजे बदल फक्त तिने केलाय, तोच घ्यायचा. याला थ्री-वे मर्ज म्हणतात. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल, तर मात्र सॉफ्टवेअर थांबतं आणि निर्णय तुमच्यावर सोडतं.

हे काम केडिफ-थ्री चांगलं करतं. ते विंडोज, लिनक्स आणि मॅकवर चालतं. वर तीन फाईल्स, खाली एकत्र झालेली फाईल अशी त्याची मांडणी असते. दिसायला जुनाट आहे, पण माझं मत त्यालाच. मेल्डमध्येही तीन फाईल्स उघडतात आणि नवख्या माणसाला ते जास्त सोपं जातं. लिनक्सवाल्यांनी तिथूनच सुरुवात करावी. नुसता फरक बघायचाय किंवा दोन फोल्डरमध्ये कुठली फाईल बदलली ते शोधायचंय, तर विंडोजवर विनमर्ज पुरेसं आहे. तिन्ही मोफत आहेत आणि ओपन सोर्सही.

पण ही सगळी साध्या टेक्स्ट फाईलसाठीची साधनं. त्यांचा मूळपुरुष म्हणजे १९७४ मध्ये युनिक्ससोबत आलेला 'डिफ' हा प्रोग्रॅम. तो ओळीला ओळ लावून बघायचा, आणि आजही पाया तोच आहे. वर्डची डॉक्स फाईल मात्र आतून झिप केलेलं गाठोडं असते, त्यामुळे तिथे ओळी थेट सापडत नाहीत. तिच्यासाठी लिबरऑफिस रायटर घ्या. नवी फाईल उघडा, एडिट मेनूतल्या ट्रॅक चेंजेसमध्ये 'कम्पेअर डॉक्युमेंट' निवडा आणि जुनी फाईल दाखवा. मग एकेक बदल स्वीकारता किंवा नाकारता येतो.

आता मराठीतली खास अडचण. 'दुसऱ्या' हा शब्द दोन्ही फाईल्समध्ये डोळ्यांना सारखाच दिसतो, तरी सॉफ्टवेअर ती ओळ रंगवून दाखवतं. बिघाड नसतो. हा 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकात नुक्त्याचा 'ऱ', दुसऱ्यात साधा 'र' आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. दोघांचे कीबोर्ड वेगळे असले की असे खोटे फरक ढिगाने येतात आणि खरा फरक त्यात बुडतो. तुलनेआधी एकच रूप ठरवून 'फाइंड अँड रिप्लेस' करून घ्या.

इन्स्टॉल करायचा कंटाळा म्हणून वेबसाईटवर मजकूर चिकटवून तुलना करणारेही बरेच असतात. लग्नपत्रिकेसाठी ठीक. भाडेकरार किंवा ऑफिसची कागदपत्रं असतील, तर तो मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाऊ शकतो, त्यामुळे तिथे नकोच.

आमच्या फोल्डरमध्ये आता प्रत्येक कामाची एक 'मूळ' नावाची फाईल असते, रीड-ओन्ली करून ठेवलेली. दोघं कॉपी घेतात ती तिच्यावरूनच.