‘हाफ सेव्हन’ म्हणजे किती वाजता?

नायगावच्या बसस्टँडवर ‘गाडी साडेसातला’ म्हटलं की कुणी गोंधळत नाही. पण लंडनला शिकायला गेलेल्या पोराला तिथला मित्र ‘हाफ सेव्हन’ म्हणाला, की पोरगं सातातून अर्धा वजा करून साडेसहालाच हजर! ब्रिटिश बोलण्यात ‘हाफ पास्ट सेव्हन’मधला ‘पास्ट’ गळतो, एवढंच, अर्थ साडेसातच. जर्मन माणूस मात्र ‘हाल्ब झीबेन’ म्हणतो तेव्हा खरोखर साडेसहा झालेले असतात. ‘क्वार्टर टू एट’ म्हणजे आपलं पावणेआठ, ‘सेव्हनिश’ म्हणजे सातच्या सुमारास. ‘फोर्टनाइट’ 14 रात्रींचा. आपला पंधरवडा एका दिवसाने उदार. ‘नेक्स्ट फ्रायडे’ येता की त्यापुढचा, यावर खुद्द इंग्रजांचंही एकमत नाही. तिथे सरळ तारीखच विचारून घ्या.