पद आहे, पण मानधन?

कर्नाटकातलं होसकोटे म्हणजे शहाजीराजांच्या जहागिरीतला मुलूख. आज इथे आम्हा मराठी घरांना आणलं ते कारखान्यांनी. माझी मुलगी कॉलेजात सांस्कृतिक प्रमुख आहे. फेस्टच्या दिवसांत ती प्रायोजकांना फोन करते, मंडपवाल्याशी घासाघीस करते. महिलांसाठीच्या ‘शक्ती’ योजनेमुळे तिला बसचं तिकीट लागत नाही. पण रात्री के.आर.पुरमहून रिक्षा केली की पैसे माझ्याच खिशातून. बदल्यात काय? एक प्रमाणपत्र.

ब्रिटनमध्ये विद्यार्थी संघाचे काही निवडून आलेले पदाधिकारी वर्षभर पूर्णवेळ काम करतात आणि पगार घेतात. कुणी खुर्चीला चिकटू नये म्हणून 1994 च्या कायद्याने अशा पगारी पदाला दोन वर्षांची मर्यादा घातली. आपल्याकडे 2006 च्या लिंगडोह समितीने विद्यार्थी निवडणुकीतल्या उमेदवाराच्या खर्चाला 5,000 रुपयांचा चाप लावला, तोही योग्यच. पण निवडून आल्यावर राबणाऱ्याचं काय? फुकट राबणं परवडतं ते घरी पैसा असलेल्यांनाच, मग पदंही त्यांच्याकडेच जातात. महाराष्ट्रातल्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयातल्या कामाचे तासावर पैसे मिळतात. तोच हिशेब इथे का नको? प्राचार्यांनो, पगार राहू द्या, निदान प्रवासखर्च आणि जेवणाची कुपनं तरी पुढच्या अंदाजपत्रकात धरा.