हात दिसतो की नुसता उजेड?

मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर आजींना भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं. चौथ्या दिवशी मात्र डोळा लाल आणि सगळं धूसर. अशा वेळी घरचे म्हणतात, ‘ऑपरेशन ताजं आहे, थेंब घाला, उतरेल.’ या सल्ल्यापायी डोळा जाऊ शकतो.

जंतू डोळ्याच्या आत, व्हिट्रियस नावाच्या जेलीसारख्या द्रवात शिरले, तर वरून घातलेले थेंब तिथे पुरे पडत नाहीत. हा एंडोफ्थॅल्मायटिस. तो विरळा, पण तासातासाला बळावणारा. आणि दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये: सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना वेदना नसतातच.

उपचाराचा कणा म्हणजे डोळ्यातच दिलेलं इंजेक्शन. व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम ही आज रूढ असलेली जोडी. त्याआधी आतल्या द्रवाचा नमुना तपासणीसाठी काढतात. खरा पेच पुढचा: तेवढ्यावर थांबायचं, की व्हिट्रेक्टॉमी करून तो दूषित द्रवच काढून टाकायचा?

अमेरिकेत ४२० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने १९९५ साली याचं उत्तर दिलं. डॉक्टरांनी डोळ्यासमोर हलवलेला हात ज्यांना दिसत होता, त्यांच्यात दोन्ही उपचारांचा निकाल सारखाच आला. ज्यांना नुसता उजेड कळत होता, त्यांच्यात मात्र व्हिट्रेक्टॉमीनंतर ३३ टक्के रुग्णांची नजर चांगली सुधारली. नुसता नमुना काढून इंजेक्शन दिलेल्यांत ११ टक्क्यांची. शिरेतून दिलेल्या अँटिबायोटिकचा त्या अभ्यासात जादा फायदा दिसला नाही.

हा निकाल आपल्याकडे जसाच्या तसा लावू नये. त्या रुग्णांत बहुतेक जंतू त्वचेवरचे, त्यातल्या त्यात सौम्य होते. भारतात स्यूडोमोनाससारखे आक्रमक जीवाणू आणि बुरशी तुलनेने जास्त सापडतात. त्यामुळे हात दिसत असला तरी डोळा झपाट्याने बिघडत असेल, तर व्हिट्रेक्टॉमीचा निर्णय लवकर घेणं रास्त ठरतं.

शिबिरात ऑपरेशन झालेल्यांची अडचण वेगळीच. रेटिनाचे डॉक्टर जिल्ह्याच्या गावी, आणि तिथे पोचेपर्यंत दिवस मावळतो. पण पहिल्या इंजेक्शनसाठी व्हिट्रेक्टॉमीचं यंत्र लागत नाही. अनेकदा ऑपरेशन केलेले डॉक्टरच नमुना काढून ते देऊ शकतात. ‘पुढे पाठवण्याआधी इंजेक्शन इथेच देता येईल का?’ हे नातेवाइकांनी बेधडक विचारावं. एक-दोन दिवसांत उतार पडला नाही, तर नमुन्याचा अहवाल पाहून इंजेक्शन पुन्हा द्यायचं की व्हिट्रेक्टॉमी करायची, हे रेटिनाचे डॉक्टर ठरवतात.