विंडोजचा खरा प्रतिस्पर्धी कोण?

ऑपरेटिंग सिस्टिम म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना विंडोजच आठवते. लिनक्स तर फुकट मिळते, मग ती आपल्या पीसीवर का नाही? याचं उत्तर तांत्रिक कमी आणि बाजाराचं जास्त आहे. अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्ट खटल्यात न्यायाधीश जॅक्सन यांनी नोव्हेंबर 1999 मध्ये ते नोंदवलं. जिथे ग्राहक जास्त, तिथेच सॉफ्टवेअर बनतं आणि जिथे सॉफ्टवेअर जास्त, तिथेच ग्राहक जातो. नवीन सिस्टिमला या चक्रात शिरायला जागाच मिळत नाही. ऑटोकॅडची डेस्कटॉप आवृत्ती लिनक्सवर नाही, एवढं सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांना पुरेसं आहे!

पण मित्रहो, हेच कुलूप मालकालाही लागतं बरं का. कसं, ते पाहायला अमेरिकेत जायची गरज नाही. आपलं बल्लारपूर कागदाचं गाव, तेव्हा छपाईचंच उदाहरण घेऊ. मराठी डीटीपी वर्षानुवर्षं पेजमेकरवर चाललं. त्याची शेवटची आवृत्ती, 7.0, आली 2001 साली. तिला युनिकोड समजत नाही, म्हणून मजकूर कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्येच टाइप करायचा. आता कृतिदेवमध्ये होतं काय, तर फाइलमध्ये मराठी नसतंच मुळी! 'डी, के, ई' ही इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात आणि फॉन्ट ती 'काम' अशी दाखवतो. फॉन्ट बदलला की सगळा गिचमिडकाला.

खरं तर सोय कधीचीच झाली होती. विंडोज 2000 मध्ये युनिकोड देवनागरी आली. तिचा 'मंगल' फॉन्ट आपल्या मराठी सुलेखनकाराने, र. कृ. जोशींनी घडवला. पण ज्याची बोटं जुन्या कीबोर्डवर बसलीत आणि दहा वर्षांचं काम जुन्या फाइलींत आहे, तो नवी विंडोज घेईल कशाला? त्याचा जुना पीसी बरा चाललाय की. म्हणजे मायक्रोसॉफ्टला सगळ्यात चिवट टक्कर दिली ती मायक्रोसॉफ्टच्याच जुन्या मालाने.

जगातही हेच झालं. जानेवारी 2007 मध्ये व्हिस्टा बाजारात आली, पण लोक 2001 चं एक्सपी सोडेनात. त्याच वर्षी आसुसने ई-पीसी हा छोटा, स्वस्त लॅपटॉप लिनक्स टाकून आणला. त्यावर व्हिस्टा पेलणारी नव्हती. शेवटी 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टला अशा लॅपटॉपसाठी एक्सपीचीच विक्री पुढे चालू ठेवावी लागली. लिनक्स जिंकली नाही, पण तिने मायक्रोसॉफ्टला वाकवलं. एक्सपीचा सपोर्ट थांबला थेट 8 एप्रिल 2014 ला.

आणि डेस्कटॉपवर लढाई चालू असताना बाजारच खिशात गेला. स्टॅटकाउंटरच्या मार्च 2017 च्या आकड्यांत इंटरनेट वापरात अँड्रॉइड 37.93 टक्के तर विंडोज 37.91 टक्के! मोबाइलवर मराठी युनिकोडमध्येच टाइप होतं, म्हणून छपाईवाल्याकडे मजकूर आता व्हॉट्सअॅपवर युनिकोडमध्ये येतो आणि त्याला तो उलटा कृतिदेवमध्ये बदलून घ्यावा लागतो.

कन्व्हर्टर मिळतात, पण प्रूफ वाचल्याशिवाय छापू नका. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवतात. युनिकोडमध्ये नेमकं उलट. जोडाक्षर आलं की दोन्ही हमखास घसरतात.