रात्रीची वाट न पाहणारं झाड

शेवंतीच्या पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावलेले अनेकांनी पाहिले असतील. रात्र लांबली की शेवंती कळ्या धरते. फुलं उशिरा हवी असतील, तर शेतकरी मध्यरात्री उजेड पाडून तिची रात्र मोडतो. गांजाचं झाडही मुळात याच स्वभावाचं. १९१२च्या सुमारास पॅरिसमध्ये ज्यूलियन तूर्न्वा या तरुण शास्त्रज्ञाने हॉप्स आणि गांजाच्या रोपांना रोज थोडेच तास उजेड दिला आणि ती लवकर फुलतात हे दाखवलं. १९१४मध्ये तो महायुद्धात मारला गेला. पुढे या शोधासाठी नाव झालं ते अमेरिकेतल्या गार्नर आणि अलार्ड यांचं. वनस्पतिशास्त्र शिकवताना मी तूर्न्वाचं नाव आवर्जून आधी घ्यायचे.

या नियमाला अपवाद असलेला गांजा १९२४मध्ये यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने नोंदवला. हे खुजं रान-झाड, नाव रुडेरॅलिस. रशियातला उन्हाळा इतका तोकडा, की लांब रात्रींची वाट पाहत बसलं तर बी पिकण्याआधीच थंडी गाठेल. म्हणून ते रात्र मोजत नाही. ठरावीक वय झालं की फुलतं. याच्याशी संकर करून काढलेल्या वाणांना ऑटोफ्लॉवर म्हणतात.

मी आता जर्मनीत, लाइपझिगला राहते. इथे १ एप्रिल २०२४पासून प्रौढ रहिवाशाला स्वतःपुरती तीन झाडं लावता येतात. मात्र ती मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावी लागतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या बाल्कनीत टोमॅटोशेजारी अशी तीन ऑटोफ्लॉवर असतात. मेच्या मध्यावर शेवटची थंडी सरल्याशिवाय इथले जुने बागवान नाजूक रोपं बाहेर काढत नाहीत, बाईही नाहीत. महिनाभरात झाडं फुलू लागतात आणि ऑगस्टमध्ये काढणी होते. साधा गांजा तेव्हा कुठे फुलोऱ्यावर येतो आणि ऑक्टोबरच्या पावसात त्याच्या कणसांना बुरशी लागते.

पण ऑटोफ्लॉवर चूक पोटात घालत नाही. पाणी जास्त झालं, मुळं दुखावली, तरी फुलायची वेळ पुढे जात नाही. झाड खुरटंच फुलतं. म्हणून बाई बी थेट मोठ्या कुंडीतच लावतात, रोप हलवत नाहीत. छाटलेल्या फांदीचं कलमही उपयोगाचं नाही, कारण तिचं वय मूळ झाडाइतकंच असतं.

या झाडाचं मला अपार कौतुक आहे, त्याच्या नशेचं नाही. गांजातलं नशा आणणारं टीएचसी वाढत्या वयाच्या मेंदूला धोक्याचं आहे, आणि झाड बुटकं म्हणून नशा हलकी असते हा समज चुकीचा आहे.

पुण्या-नाशिकहून भाचरं विचारतात, बी मागवून गच्चीवर लावलं तर? लावू नका. भारतात १९८५च्या अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यापुढे ऑटोफ्लॉवर आणि साधा गांजा एकच. परवान्याशिवाय झाड लावलं, तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.