कार्बनची गुणपत्रिका : चंद्रपूर नापास, काटेवाडी पास?

गुणपत्रिका म्हटली की आपल्या पोटात गोळा येतो. पण आता गुणपत्रिका फक्त आपल्यालाच मिळते असं नाही. देशांना मिळते, शहरांना मिळते, अगदी ग्रामपंचायतींनाही मिळते. आपल्या राज्यात २०२० साली सुरू झालेलं 'माझी वसुंधरा' अभियान गावांना आणि शहरांना भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशा पाच विषयांत गुण देतं. (अग्नी म्हणजे ऊर्जा. नाव छान आहे!) आणि जगभर तर कार्बन फूटप्रिंटच्या याद्याच याद्या. अमुक शहर पहिलं, तमुक जिल्हा शेवटचा.

माझी रूममेट चंद्रपूरची, मी बारामतीकडची, काटेवाडीच्या अगदी जवळची. काटेवाडीची ओळख 'इको-व्हिलेज' म्हणून, आणि चंद्रपूरची ओळख कोळसा आणि धूर. त्यामुळे आमच्या खोलीत हा विषय निघाला की भांडण ठरलेलं. तिचं एकच वाक्य असतं, "धूर आम्ही खायचा आणि पंखा तुम्ही लावायचा!" वाक्य झोंबणारं आहे, पण त्यात इंजिनिअरिंगही आहे. तेच जरा उलगडून सांगते.

कार्बन फूटप्रिंट म्हणजे एखाद्या माणसामुळे, वस्तूमुळे किंवा प्रदेशामुळे हवेत जाणारे हरितगृह वायू, सगळे कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून. व्याख्या सोपी आहे. अडचण 'मुळे' या शब्दात आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. तिथे कोळसा जळतो, वीज ग्रिडमध्ये जाते, आणि ग्रिडमध्ये गेलेल्या विजेवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. ती पुण्यात एसीला लागते, चाकणमध्ये प्रेसला लागते, आपल्या होस्टेलमध्ये गुपचूप लावलेल्या इमर्शन रॉडलाही लागते. (रेक्टर मॅडम, हे उदाहरण काल्पनिक आहे.)

आता यादी करणाऱ्याने चिमणी जिथे तिथे हिशेब लिहिला, तर चंद्रपूर नापास. बटण जिथे दाबलं तिथे लिहिला, तर पुणे नापास. वीज तीच, कोळसा तोच, फक्त वहीचं पान बदललं!

जगातही हेच चालतं. माणशी उत्सर्जनाच्या यादीत कतार बहुतेक वेळा सर्वांत वर असतो, माणशी ३५ टनांहून जास्त. भारत साधारण २ टनांवर. पण कतारची लोकसंख्या छोटी, आणि तो नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून, द्रवरूप करून जहाजांनी जगाला विकतो. ते थंड करायला लागणारी ऊर्जा कतारच्या खात्यावर चढते. त्यातला काही वायू २००४ पासून गुजरातमधल्या दहेजला उतरतो, म्हणजे गिऱ्हाईक आपणही आहोत. उलट स्वित्झर्लंडसारखा देश चिमण्यांच्या हिशेबात एकदम स्वच्छ. तो वापरत असलेल्या, बाहेर बनलेल्या वस्तू मोजल्या की त्याचा आकडा दुपटीच्याही पुढे जातो.

म्हणून वापरावरून हिशेब करणाऱ्या याद्या आल्या. २०१८ साली १३ हजार शहरांची अशी एक यादी निघाली, त्यात सोल पहिलं. पण गंमत बघा, १३ हजार शहरांत जाऊन मीटर कोण वाचणार? देशाचा एकूण आकडा घेऊन तो लोकसंख्या आणि खरेदीची ताकद यांवरून खाली वाटला जातो. म्हणजे वर्गाची सरासरी घेऊन प्रत्येकाचे मार्क त्याच्या बुटांच्या किमतीवरून ठरवल्यासारखं. अंदाज म्हणून ठीक आहे, रँक म्हणून मला पटत नाही.

२०२१ मध्ये भारतातल्या ६२३ जिल्ह्यांचा एक अभ्यास आला, तो दोन लाखांवर कुटुंबांच्या खर्चाच्या नोंदींवरून केलेला होता. हा जास्त प्रामाणिक वाटतो. त्यातला मुख्य निष्कर्ष असा की जास्त खर्च करणाऱ्या घरांचा फूटप्रिंट गरीब घरांच्या जवळपास सात पट आहे. मग 'पुणे जिल्हा' असा एकच आकडा कुणाचा? कोरेगाव पार्कचा की इंदापूरच्या वाडीवस्तीचा? सरासरीत दोघेही हरवतात.

आता आमच्या भागात येऊ. काटेवाडीच्या आसपास ऊस. भवानीनगरचा छत्रपती कारखाना शेजारीच, पलीकडे माळेगाव. एक टन ऊस गाळला की साधारण १०० ते ११० किलो साखर आणि २८०-३०० किलो भुसा, म्हणजे बगॅस मिळतो. बगॅस जाळून वीज केली तर तो कार्बन हिशेबात शून्य धरतात, कारण उसाने तो हवेतूनच घेतलेला असतो आणि पुढच्या वर्षी परत घेणार. हे तत्त्व मला मान्य आहे. पण उसाला पाणी लागतं, आणि पाण्याला मोटर. ५ एचपीची मोटर नुकसान धरून ४.५ किलोवॅट घेते. आठ तास चालली की ३६ युनिट. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे दिवसाला २५ किलो. शंभर दिवसांत अडीच टन! त्यात युरिया, त्यातून निघणारा नायट्रस ऑक्साइड, आणि शेतात पेटवलेलं पाचट. (माझी शाळा कॉन्व्हेंट, तरी 'पाचट' हा शब्द मला मराठीतूनच कळतो.) आता ही साखर दादरच्या मिठाईत गेली तर अडीच टन कुणाचे? आमच्या शेतकऱ्याचे की पेढा खाणाऱ्याचे?

त्याहून मोठी गोची म्हणजे हे ३६ युनिट मोजतो कोण? राज्यात असंख्य शेतीपंपांना मीटरच नाही, एचपीप्रमाणे बिल येतं. शेतीचा वापर अंदाजाने धरला जातो आणि त्या अंदाजात वितरणातली गळतीही लपवली जाते, हा वाद वीज नियामक आयोगापुढे वर्षानुवर्षे चालत आलाय. मूळ आकडाच असा डळमळीत, आणि त्यावर आपण दशांश चिन्हापर्यंत क्रमवारी लावणार!

मला सगळ्यात जास्त राग येतो तो चुलीच्या हिशेबाचा. १४.२ किलोचा गॅस सिलिंडर जाळला की साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड, तो पूर्ण मोजला जातो. सरपण बगॅससारखंच बऱ्याचदा शून्य. म्हणजे जिच्या घरी सिलिंडर आला तिचं गाव यादीत घसरलं, आणि जी अजून धुरात डोळे पुसतेय तिचं गाव 'हिरवं'. लोडशेडिंगचंही तसंच. २०००च्या दशकात खेड्यांत बारा-बारा तास वीज नसायची, तेव्हा आमचा फूटप्रिंट किती सुंदर असेल! ऊर्जा न मिळणं आणि ऊर्जा वाचवणं यातला फरक ज्या यादीला कळत नाही, तिच्यावरून कुणाला बक्षीस देऊ नये, कुणाला दोषही देऊ नये.

रूममेटला मात्र मी एक गोष्ट सोडत नाही. सगळं वापरणाऱ्याच्या माथी मारलं तर चंद्रपूरच्या बॉयलरची कार्यक्षमता कोण सुधारणार? पुण्यातला माणूस पंखा बंद करेल, पण तिथला जुना संच बंद करायचा निर्णय त्याच्या हातात नाही. म्हणून माझ्या मते दोन रकाने हवेत, एक चिमणीचा, एक बटणाचा. आणि शेजारी तिसरा : हा आकडा मीटरवरून आला की अंदाजावरून. तिसरा रकाना कुठल्याच यादीत पहिल्या पानावर दिसत नाही. तिला दोन रकाने मान्य आहेत. तिसऱ्याबद्दल ती म्हणते, तो छापला तर याद्या विकल्याच जाणार नाहीत.

जाता जाता एक कोडं, मेसमध्ये वाद घालायला. तुकाराम महाराजांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. त्या एका दिवशी गावात राज्यभरातले वारकरी, दिंड्यांचे ट्रक, पाण्याचे टँकर, स्वयंपाकाचे सिलिंडर. डिझेल भरलं असेल देहूत किंवा बारामतीत, जळलं काटेवाडीत, आणि माणूस आला परभणीहून. मी ट्रकचं डिझेल वारकऱ्याच्या गावाच्या खात्यावर टाकते आणि टँकरचं काटेवाडीच्या, कारण पाहुण्यांना पाणी पाजणं हा यजमानाचा खर्च. रूममेट म्हणते, दोन्ही वारकऱ्याच्याच खात्यावर. मेंढ्यांच्या मिथेनवर अजून आमचं एकमत व्हायचंय.